पाटी, टकळी आणि धोटा : आपल्या पोरांनी काय शिकावे, या वादाचा इतिहास



आपल्या विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत आम्हीही चार शब्द लिहावेत, असे संपादक मंडळाने आम्हांस सांगितले. आम्ही काही प्राध्यापक नव्हे. दहावी झालो आणि गिरणीत बदली कामगार म्हणून लागलो. पुढे जे काही शिकलो ते पाळी सुटल्यावर वाचनालयात, फूटपाथवरच्या जुन्या पुस्तकांत आणि चळवळीतल्या जाणत्या माणसांच्या सोबतीत शिकलो. तेव्हा लिहिण्यात कमीजास्त झाले तर सांभाळून घ्यावे. पण विषय मात्र आम्ही मुद्दाम निवडला आहे, आणि त्याला कारण घडले आहे.

विहाराच्या वरच्या मजल्यावरची खोली आता रिकामी झाली आहे. तिचे काय करायचे यावर मागच्या बैठकीत वाद झाला, तो बहुतेकांना ठाऊकच आहे. एका बाजूचे म्हणणे, "शिवणकाम, मोबाईल दुरुस्ती, वायरमनचे वर्ग काढा. पोरं हाताला काम मिळवतील. डिग्र्या घेऊन आमची पोरं घरीच बसलीत." दुसऱ्या बाजूचे म्हणणे, "अभ्यासिका काढा. पुस्तके ठेवा, इंग्रजी-गणिताचे वर्ग घ्या, स्पर्धा परीक्षेची तयारी करा. बाबासाहेबांनी आपल्याला शिका म्हणून सांगितलं, शिलाई मशीन चालवा म्हणून नाही." आवाज चढले. एक माता उठून म्हणाली, "माझा मुलगा दोन्हीकडे पाठवीन, पण आधी तुमचं ठरवा." बैठक तशीच उठली.

आम्ही घरी आलो आणि विचार करू लागलो. हा वाद आपल्या वस्तीत काल सुरू झाला असे आपल्याला वाटते, पण तो दीड-दोनशे वर्षांचा जुना वाद आहे. लहान मुलाला शाळेत काय शिकवायचे? डोक्याचे की हाताचे? सगळ्यांना सारखे, की ज्याच्या त्याच्या बापाप्रमाणे? यावर मोठमोठी माणसे भांडली आहेत, सरकारे पडली आहेत. तो इतिहास आपल्या लोकांपुढे आला, तर निदान भांडण तरी समजून-उमजून होईल.

भिक्खूसंघाची शाळा आणि एकलव्याचा अंगठा

जुन्या काळापासून सुरुवात करू. ब्राह्मणी व्यवस्थेत विद्येची वाटणी जन्मावर होती. वेद कोणी म्हणायचे, शस्त्र कोणी धरायचे आणि सेवा कोणी करायची हे जन्मतःच ठरलेले. एकलव्याची गोष्ट आपण लहानपणी गुरुभक्तीची म्हणून ऐकली. पण ती खरे तर अभ्यासक्रमाची गोष्ट आहे. जे शिकणे त्याच्या वाट्याचे नव्हते ते तो शिकला, म्हणून त्याचा अंगठा गेला.

तथागतांच्या संघात याउलट घडले. उपाली हा न्हावी. हातात वस्तरा धरणारा माणूस. शाक्य राजपुत्रांच्या आधी त्याला प्रव्रज्या मिळाली, आणि तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनय सांगण्याचा मान त्याच उपालीला मिळाला. नियमशास्त्राचा सर्वांत मोठा जाणकार एक न्हावी!

पुढे सातव्या शतकात ह्युएन त्संग हा चिनी भिक्खू भारतात आला आणि नालंदा महाविहारात शिकला. त्याने लिहून ठेवले आहे की इथे पाच विद्या शिकवल्या जात : शब्दविद्या म्हणजे व्याकरण, हेतुविद्या म्हणजे तर्कशास्त्र, चिकित्साविद्या म्हणजे वैद्यक, अध्यात्मविद्या, आणि पाचवी शिल्पस्थानविद्या, म्हणजे कारागिरी आणि यंत्रांची विद्या. कारागिरी तर्कशास्त्राच्या पंगतीला बसलेली! हे ध्यानात ठेवा. बौद्ध परंपरेला हाताचे काम हलके वाटत नव्हते. प्रश्न कामाचा नव्हताच. ते काम कोणाच्या गळ्यात जन्माने बांधले जाते, हा प्रश्न होता.

ज्ञान वरून खाली पाझरेल!

आता इंग्रजी अमलात येऊ. १८१३ च्या सनदी कायद्याने कंपनी सरकारने हिंदुस्थानातल्या विद्येसाठी वर्षाला एक लाख रुपये बाजूला काढावेत असे ठरले. पुढे वाद सुरू झाला की या पैशातून शिकवायचे काय? एक पक्ष म्हणे संस्कृत-अरबी शिकवा. पुण्यात पेशवाई बुडाल्यावर १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, ती याच विचाराची. दुसरा पक्ष इंग्रजीचा. १८३५ साली मेकॉलेने आपला प्रसिद्ध खलिता लिहिला आणि बेंटिंकने इंग्रजीच्या बाजूने निकाल दिला. मुंबई इलाख्यात तिसराही पक्ष होता. १८४० नंतरच्या दशकात नाना जगन्नाथ शंकरशेट आणि कर्नल जर्व्हिस यांनी शिक्षण मराठीतून द्यावे असा आग्रह धरला, आणि शिक्षण मंडळाचे अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीसाठी अडून बसले.

शाळेच्या पुस्तकात हा वाद भाषेचा म्हणून शिकवतात. पण आपल्या नजरेने पाहिले तर यातल्या बहुतेकांचे एका गोष्टीवर एकमत होते. आधी वरच्या वर्गाला शिकवा, मग ते ज्ञान हळूहळू खाली पाझरेल. याला झिरपण्याचा सिद्धांत म्हणतात. मेकॉलेने तर स्पष्टच लिहिले की सगळ्या जनतेला शिकवणे आम्हांला शक्य नाही, राज्यकर्ते आणि प्रजा यांच्यामध्ये दुभाषा होईल असा एक वर्ग तयार करू.

मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन हे शिक्षणाचे मोठे कैवारी म्हणून प्रसिद्ध आहेत. त्यांनी १८२४ साली लिहिलेल्या टिपणात एक गोष्ट आली आहे. मिशनऱ्यांना सर्वांत हुशार विद्यार्थी खालच्या जातींत आढळतात, हे ते कबूल करतात. पण लगेच इशाराही देतात की या लोकांत विद्या आधी रुजली तर ती पुढे वर कधीच पसरणार नाही, म्हणून त्यांना विशेष उत्तेजन देताना जपून असा. म्हणजे पोरं हुशार आहेत हे दिसत होते, आणि हुशार आहेत म्हणूनच भीती होती! हे टिपण बाबासाहेबांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने मांडलेल्या निवेदनात उकरून काढले.

त्याच निवेदनात धारवाडच्या महार मुलाची हकीकत आहे. १८५६ साली त्याला तिथल्या सरकारी शाळेत घेतले नाही, म्हणून सरकारकडे अर्ज गेला. मुंबई सरकारने सांगितले की न्याय मुलाच्या बाजूने आहे, पण एकासाठी बाकीच्यांची शाळा मोडेल. पुढे १८५८ साली वरून हुकूम आला की सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या आहेत. हुकूम कागदावर आला. आमच्या आजोबांनी मात्र गावी शाळेच्या बाहेर ओट्यावर बसूनच बाराखडी गिरवली.

ज्ञान वरून खाली पाझरते म्हणतात. आमच्या चाळीत वरच्या मजल्यावरून पाझरायचे ते नळाचे नाही, मोरीचे पाणी! असो.

जोतीरावांचा अभ्यासक्रम

या झिरपण्याला पहिला सणसणीत जबाब महात्मा जोतीराव फुल्यांनी दिला. त्यांनी आणि सावित्रीमाईंनी १८४८ पासून पुण्यात मुलींसाठी आणि पुढे महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा चालवल्या, हे आपणा सर्वांना माहीत आहे. त्यांच्याच शाळेतल्या मुक्ता नावाच्या मांग मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. वेद आमचा नाही तर आमचा धर्म कोणता, असा सवाल त्या पोरीने केला होता. म्हणजे ज्या शाळेत आपल्याला पहिल्यांदा अक्षर मिळाले, त्याच शाळेत सवाल करायलाही मिळाले. हा पण अभ्यासक्रमच झाला की नाही?

१८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीरावांनी लेखी निवेदन दिले. ते प्रत्येक विहाराच्या कपाटात असायला हवे. त्यांचे पहिले म्हणणे असे की सरकारचा महसूल येतो शेतकऱ्याच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. तेव्हा बारा वर्षे वयापर्यंत तरी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. दुसरे म्हणणे अभ्यासक्रमाचे. मोडी आणि बाळबोध लिहिणे-वाचणे, हिशेब, थोडा इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतकीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य. शेतीचे धडे प्रत्यक्ष देता यावेत म्हणून शाळेला जोडून नमुन्याची शेती. आणि शिक्षक कसा? शक्यतो शेतकरी वर्गातूनच तयार केलेला, मुलांत मिसळणारा, वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराची वाकस हातात धरायला न लाजणारा.

नीट पहा. इथे हाताचे काम आहे आणि इतिहास-भूगोलही आहे. कुणब्याचा पोर आहे म्हणून त्याला नुसता नांगर दिला नाही, आणि शिकवायचे म्हणून नांगराची लाजही शिकवली नाही. हात आणि डोके एकत्र, आणि दोन्ही सर्वांना. पुढच्या शंभर वर्षांत मोठमोठे शिक्षणशास्त्री जे सांगणार होते, ते आपल्या जोतीरावांनी एका निवेदनात सांगून ठेवले.

त्याच सुमारास पुण्यातल्या 'मराठा' पत्राने १८८१ साली नेमके उलटे लिहिले. शेतकऱ्याच्या पोराला नांगरापासून, लोहाराच्या पोराला भात्यापासून आणि चांभाराच्या पोराला आरीपासून ओढून आणून हे शिक्षण दिले, की पोर बापाच्या धंद्याला नाक मुरडते, असा त्यांचा सूर. म्हणजे बापाचा धंदा हाच मुलाचा अभ्यासक्रम. एक गोष्ट मात्र तिथे सांगितलेली नाही. जो लिहितो, त्याने आपल्या मुलाला कोणत्या भात्यावर बसवले?

राजर्षी शाहू महाराजांनी हा प्रश्न कागदावर ठेवला नाही. १९१७ साली त्यांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. हे फार महत्त्वाचे आहे. कारण वेगळी शाळा म्हटली की वेगळे पुस्तक आले, आणि वेगळे पुस्तक आले की वेगळे आयुष्य आले.

अमेरिकेतले भांडण

हाच वाद सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत निग्रो बांधवांमध्येही झाला. (आज त्यांना कृष्णवर्णीय म्हणतात.) आपला त्यांच्याशी धागा जुना आहे. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केले होते.

बुकर टी. वॉशिंग्टन हा गुलामीत जन्मलेला माणूस. त्याने १८८१ पासून अलाबामातल्या टस्कीगी इथे शाळा उभी केली. विद्यार्थ्यांनी स्वतः विटा पाडल्या, स्वतः इमारती बांधल्या. सुतारकाम, लोहारकाम, शेती हे तिथले मुख्य शिक्षण. १८९५ साली अटलांटाच्या भाषणात त्याने सांगितले की आधी हाताच्या कामात पाय रोवू, बरोबरीच्या हक्कांची घाई नको. गोऱ्या धनिकांना हे फार आवडले, आणि अशा शाळांकडे देणग्यांचा ओघ लागला.

डब्ल्यू. ई. बी. डू बॉईस हे दुसरे नेते. हार्वर्डची डॉक्टरेट मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय. त्यांनी १९०३ साली आपल्या पुस्तकात वॉशिंग्टनला जाहीर उत्तर दिले. सुतारकाम वाईट असे ते म्हणाले नाहीत. त्यांचे म्हणणे असे की, ज्या समाजाला मत नाही, हक्क नाही आणि उच्च शिक्षणही नाही, त्याने मिळवलेली कारागिरी त्याच्या हातात टिकणार तरी कशी? आणि सुताराला शिकवणारा शिक्षक तयार करायलाही कॉलेज लागतेच की नाही? पुढे १९४६ साली खुद्द बाबासाहेबांनी डू बॉईस यांना पत्र लिहिले आणि त्यांचे उत्तरही आले.

आम्हांला विचाराल तर वॉशिंग्टनला शिव्या देऊ नयेत. गुलामीतून उठून विटा पाडून शाळा बांधणे ही लहान गोष्ट नव्हे. पण त्याचा अभ्यासक्रम मालकांना इतका का आवडला, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

तिसरा माणूस जॉन ड्यूई. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात होते, तिथले त्यांचे गुरू. ड्यूईंनी १८९६ साली शिकागोत एक प्रयोगशाळा-शाळा काढली होती. तिथे लहान मुले स्वयंपाक, सुतारकाम आणि विणकाम करीत. आम्ही त्याबद्दल वाचले तेव्हा हसू आले आणि डोळ्यांत पाणीही आले. मुलांच्या हातात कापूस दिला आणि सरकी हाताने काढायला सांगितले. अर्धा तास खपून एक औंससुद्धा रुई निघेना. मग पोरांनाच कळले की जुन्या काळी माणूस सुतीपेक्षा लोकरी कपडा जास्त का वापरी. तिथून सरकी काढायचे यंत्र, तिथून कापसाचा व्यापार, तिथून इतिहास आणि भूगोल. ड्यूईंच्या शाळेत कापूस होता, पण पोराला कातारी करण्यासाठी नव्हे, जग समजावे म्हणून होता. म्हणूनच १९१५ च्या सुमारास अमेरिकेत कामगारांच्या मुलांना वेगळ्या धंदेशिक्षणाच्या शाळांत घालण्याची टूम निघाली, तेव्हा ड्यूईंनी विरोध केला. मुलांना आहे त्या कारखानदारीत बसवणारे शिक्षण आम्हांला नको, ती कारखानदारी बदलू शकेल असे शिक्षण हवे, असा त्यांचा मुद्दा होता.

आम्ही रिंग खात्यात कित्येक वर्षे सूत सांधले. पण तो कापूस कुठून येतो, त्याचा भाव कोण ठरवतो, हे आम्हांला शाळेत कोणी शिकवले नाही आणि गिरणीत तर नाहीच नाही.

शंभरातले ब्याऐंशी

१२ मार्च १९२७ रोजी, चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या अवघे आठ दिवस आधी, बाबासाहेब मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या अनुदानावर बोलले. त्यांनी आकडा दिला : प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी फक्त अठरा चौथीपर्यंत पोहोचतात. बाकीची ब्याऐंशी परत निरक्षर होतात. प्राथमिक शिक्षणाचा हेतू काय असावा? जे मूल शाळेत शिरले ते साक्षर होऊनच बाहेर पडावे आणि जन्मभर साक्षर राहावे, असे त्यांनी बजावले. खालच्या वर्गांसाठी शिक्षण स्वस्तात स्वस्त करा, अशीही मागणी केली.

यावरून कोणी समजेल की बाबासाहेबांना फक्त पुस्तकी विद्या हवी होती. तसे नाही. १९४२ साली त्यांनी व्हाइसरॉयला निवेदन दिले. त्यात अस्पृश्य विद्यार्थ्यांना विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या, परदेशी शिक्षणासाठी पैसा मागितला, आणि सरकारी छापखाने व रेल्वेच्या कारखान्यांत आपली मुले उमेदवार म्हणून घ्यावीत असेही सांगितले. म्हणजे त्यांना हाताचे कामही हवे होते. पण कोणते? ज्यात नवे यंत्र आहे, पगार आहे, बढती आहे आणि जातीचा शिक्का नाही असे. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, १९५० साली औरंगाबादेत कॉलेज, या क्रमाने त्यांनी सर्वांत वरच्या शिक्षणाचे दरवाजे आपल्याला उघडले.

टकळी आणि धोटा

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिथून नई तालीम किंवा बुनियादी शिक्षण निघाले. सात ते चौदा वर्षांपर्यंत सर्वांना सक्तीचे शिक्षण, मातृभाषेतून, आणि सगळे शिक्षण एखाद्या हस्तोद्योगाभोवती, मुख्यतः सूतकताईभोवती. मुलांनी केलेल्या मालातून शिक्षकाचा पगार निघावा, ही गांधीजींची अपेक्षा. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने वेळापत्रक केले. साडेपाच तासांच्या शाळेत ३ तास २० मिनिटे हस्तोद्योग. मातृभाषेला ४० मिनिटे. गणित, संगीत आणि चित्रकला मिळून ४० मिनिटे. समाजशास्त्र आणि विज्ञान मिळून ३० मिनिटे.

प्रामाणिकपणे बोलायचे तर या योजनेत चांगलेही होते. मातृभाषा होती, सक्ती होती, आणि ब्राह्मण-बनियाच्या पोरानेही हात मळवावेत असा गांधीजींचा हेतू होता. श्रमाला मान मिळावा हा विचार खोटा नाही. पण परिषदेतच अर्थशास्त्रज्ञ के. टी. शाह यांनी पगाराच्या मुद्द्याला विरोध केला. शाळा माल विकू लागली की मूल मजूर होते आणि खऱ्या कारागिराच्या पोटावर पाय येतो, हे त्यांनी दाखवून दिले.

आमचा आक्षेप वेगळा आहे, आणि तो गिरणीतला आहे. आमचे आजोबा मुंबईच्या गिरणीत होते. त्या काळी अस्पृश्य कामगाराला साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, घेत नसत. पगार तिथे जास्त. पण धोट्यातल्या कांडीचे सूत संपले की नवे सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडचा धोटा दुसरा कामगार कसा तोंडाला लावणार? म्हणून आपली माणसे कमी पगाराच्या कताईच्या खात्यात. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न धसास लावला. आजोबा म्हणत, "सूत आम्ही काढायचं, कापड त्यांनी विणायचं."

आता सांगा, ज्या माणसाला धोटा शिवू दिला नाही, त्याच्या पोराला शाळेत ३ तास २० मिनिटे टकळी दिली तर त्याला काय वाटेल? ज्याच्या घरात सात पिढ्या पुस्तकच होते त्याला टकळी नवी. ज्याच्या घरात सात पिढ्या हातच राबत आले त्याला नवे काय हवे होते? ती ४० मिनिटे हवी होती. एकच अभ्यासक्रम दोन घरांतल्या मुलांना सारखा लागू पडत नाही. एकाचे राहिलेले शिक्षण ते दुसऱ्याचे जुनेच ओझे असते.

मद्रासचा धडा

यातला धोका १९५३ साली मद्रास राज्यात उघडा पडला. मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी ग्रामीण प्राथमिक शाळांसाठी नवी योजना आणली. शाळा फक्त तीन तास. उरलेल्या वेळात मुलाने घरी बापाचा धंदा शिकावा. शाळा कमी, मुले जास्त, म्हणून दोन पाळ्यांत सगळ्यांची सोय होईल असे कारण दिले. लोकांनी तिला कुलधंद्याचे शिक्षण हे नाव दिले. पेरियार रामस्वामी आणि द्रविड चळवळीने रान उठवले. धोब्याच्या पोराने धुणे आणि न्हाव्याच्या पोराने हजामतच करायची का, हा सवाल गावोगाव गेला. १९५४ साली राजगोपालाचारींना जावे लागले, कामराज मुख्यमंत्री झाले आणि योजना रद्द झाली. पुढे कामराजांनीच शाळांत दुपारचे जेवण सुरू केले. म्हणजे मुलाला धंद्याला परत पाठवण्याऐवजी, भूक भागवून दिवसभर शाळेत ठेवण्याचा मार्ग निघाला. लोक जागे असले तर अभ्यासक्रमसुद्धा बदलतो, हा त्यातला धडा.

आमची शाळा आणि आजचे धोरण

१९६४ ते १९६६ या काळात कोठारी आयोगाने देशाला सांगितले की गरीब-श्रीमंत सर्वांची मुले एकाच परिसरशाळेत शिकावीत, आणि सर्वांना कार्यानुभव असावा. यातला कार्यानुभव आमच्या शाळेत आला. आम्ही खडू केले, लिफाफे चिकटवले. एकत्र शाळा मात्र आली नाही. कार्यानुभवाच्या तासाला शाळेचे अंगण झाडायला कोणाची नावे घेतली जात, हे आमच्या पिढीतल्या वाचकांना सांगायला नको. आठवीत आम्ही गणितात वर्गात दुसरे आलो तेव्हा एक गुरुजी म्हणाले, "छान! आता लवकर एखादं हातकाम शीक." त्यांच्या मनात वाईट नसेलही. पण पहिल्या आलेल्या मुलाला ते तसे म्हणाले नाहीत. तो पुढे इंजिनीअर झाला.

१ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क कायद्याने मिळाला. जोतीरावांनी मागितल्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी! २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावीपासून व्यवसाय शिक्षणाची ओळख आणि दप्तराविना दहा दिवस सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे शिकणे सांगितले आहे. कागदावर ते सर्व मुलांसाठी आहे, आणि सर्वांसाठी असेल तर त्यात वाईट काही नाही. पण पाहायचे हे की टॉवरमधल्या शाळेतल्या मुलाला तो दहा दिवसांचा अनुभव आणि महापालिकेच्या शाळेतल्या मुलाला जन्माची दिशा, असे तर होत नाही ना? ही पाहणी आपणच करायची आहे.

खोलीचे काय करायचे?

एवढा इतिहास सांगून आम्ही परत आपल्या वरच्या खोलीत येतो. इतिहासात आम्हांला तीन प्रश्न सापडले. कोणताही अभ्यासक्रम समोर आला की ते विचारावेत.

पहिला : हे शिक्षण सांगणारा स्वतःच्या मुलाला हेच देतो का?

दुसरा : हे शिकल्यावर पुढचा दरवाजा उघडतो, की इथेच रस्ता संपतो?

तिसरा : यात मुलाला 'का?' असे विचारायला शिकवतात, की फक्त 'कसे' तेवढेच?

शिवणकामाचा वर्ग या प्रश्नांत नापासच होईल असे नाही. शिवणाऱ्या मुलीला मापाचा हिशेब, कापडाचा भाव, बँकेचे कागद आणि कामगार कायदाही शिकवला, आणि तिची दहावी-बारावी सुटली असेल तर ती बाहेरून बसवून पुरी करून घेतली, तर तो जोतीरावांच्या निवेदनातला वर्ग होईल. आणि अभ्यासिकासुद्धा पास होईलच असे नाही. प्रश्नोत्तरे घोकून परीक्षा द्यायची, नापास झाले की मान खाली घालून घरी बसायचे आणि बापाच्या हाताचे घट्टे पाहून लाजायचे, ही काही बाबासाहेबांची शिकवण नव्हे.

म्हणून आमची सूचना अशी आहे. वरची खोली संध्याकाळी सहा ते दहा अभ्यासिका असावी. तिच्यावर पहिला हक्क शाळेत जाणाऱ्या मुला-मुलींचा, कारण शंभरातले ब्याऐंशी गळण्याचा धोका अजून टळलेला नाही, फक्त चौथीऐवजी तो दहावी-बारावीला आला आहे. हाताच्या कामाचे वर्ग दुपारी आणि रविवारी घ्यावेत, आणि त्यांत अभ्यासिकेतल्या मुलांनीही बसावे. वायरमनच्या वर्गात बारावी सायन्सचा मुलगा बसला तर त्याला वीज कळेल, आणि वायरमनच्या पोराला अभ्यासिकेत जागा मिळाली तर त्याला पुढचा दरवाजा दिसेल. एकाच खोलीत, एकाच चटईवर. वेगळे काढायचे नाही. शाहू महाराजांचा १९१९ चा हुकूम आपल्या विहारात तरी पाळू.

शिकवायला माणसे कुठून आणायची, असे कोणी विचारील. आपल्या वस्तीत दोन शिक्षिका आहेत, रेल्वेतले निवृत्त फिटर आहेत, कॉलेजात शिकणारी मुले आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ प्रत्येकाने द्यावी. आम्ही स्वतः दर शनिवारी येऊ. पोरांपुढे कापूस ठेवू, सरकी काढायला सांगू, आणि अर्ध्या तासाने विचारू, किती निघाला? मग गिरणीची, धोट्याची आणि आजोबांची गोष्ट सांगू.

पुढच्या बैठकीला सर्वांनी यावे, त्या मातेनेही यावे, आणि निर्णय करूनच उठावे, ही नम्र विनंती. चुकले असल्यास क्षमा असावी.

नमो बुद्धाय! जयभीम!